करंजाच्या दुखवट्याला आलेले नाना

अंबादासनाना पहिल्यांदा आमच्या घरी आले ते दुखवट्याला, आणि आमच्या घरात कुणी मेलेलं नव्हतं.

सकाळचे आठ वाजले असतील. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. नानांनी फाटकापाशीच चपला काढल्या, मी खुर्ची पुढे केली तरी खाली फरशीवर बसले, खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावला आणि गप्प झाले. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग एक लांब सुस्कारा. "चालायचंच," म्हणाले.

असा माणूस असा येऊन बसला की काय समजायचं ते आपल्याकडे शेंबडं पोरही समजतं. चहा विचारायला बाहेर आलेली आमची मालती दार धरून उभीच राहिली. तिच्या वाटूरच्या मामांचं गेली दोन वर्षं आज जातील, उद्या जातील असं चाललं होतं. तिने डोळ्यांना पदर लावला आणि मुसमुसायला सुरुवातही केली, तेवढ्यात नाना म्हणाले, "लाइटच्या डीपीजवळचं करंज गेलं, साहेब. तुमच्या हातचं."

"काय गेलं?"

"करंज. परवाच गेलं. मी कालच आलो असतो, पण काल अंगणवाडीमागं लिंबाचं रोप गेलं. एका दिवशी दोन दारं करू न्हाई."

मालती पदर खाली टाकून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. नानांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "कसं झालं पण? आजारी होतं का काही दिवस?"

जूनमध्ये लावताना फोटो काढला त्यानंतर मी त्या करंजाचं तोंड पाहिलं नव्हतं.

इथे माझी ओळख सांगायला पाहिजे. नवीन जालन्यातल्या आमच्या कॉलनीच्या पर्यावरण मंडळाचा मी सचिव. बँकेतून रिटायर झालो, दिवसभर घरात बसून फोडणीत मोहरी किती टाकावी हे सांगायला लागलो, तेव्हा मालतीनेच मला मंडळात ढकललं. आमचे कार्यक्रम दणक्यात असतात. महिन्यातून एकदा 'बिनगाडीची सकाळ'. तिला निम्मी मंडळी मोटारसायकलवर येतात आणि कोपऱ्यावर गाडी लावून चालत आत शिरतात. एकदा कापडी पिशव्या वाटल्या, त्या प्रत्येकी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आल्या होत्या. पावसाळ्यात वृक्षारोपण. एका रोपाला नऊ जणांचे हात, आणि दहावा रुसलेला. रोप पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही हे खरं, पण तयार खड्डा मिळतो. माझा स्वतःचा दोन वेळचा फोटो त्या एकाच खड्ड्यावर आहे.

नाना मूळचे हसनाबादचे. बियाण्यांच्या गोदामावर तीस वर्षं काढली. पोरगा गावाकडे शेती बघतो, नाना इथे एकटेच राहतात, आमच्यापासून चौथं घर. रोज सकाळी सायकलला दोन कॅन लटकवून निघायचे. कॅनमध्ये भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी. लोकांनी लावून सोडलेल्या रोपांना ते घालायचे. "मी एकटा किती ठिकाणी पुरून राह्यलो?" म्हणायचे. जे जगलं ते जगलं. जे गेलं, त्याच्या दुखवट्याला लावणाऱ्याच्या दारी जायचे. कोणतं रोप कुणाच्या हातचं हे त्यांना बराबर पाठ.

नगरसेवकाकडे गेले तेव्हा तिथे वाढदिवसाची तयारी चालली होती. नाना पायरीवर बसले, रुमाल तोंडाला लावला. कार्यकर्त्यांनी आधी गाणी बंद केली, मग एकाने हार आत नेऊन ठेवला, आणि नगरसेवक स्वतः खाली बसून विचारतात, "कोण हो नाना?" नाना म्हणाले, "चौकातला बहावा." शाळेच्या मोठ्या बाईंकडेही गेले. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "देवापुढे कुणाचं काय चालतं, नाना?" तर म्हणतात, "बिलकुल चालत न्हाई. पण बाई, ह्यात देवाला कशाला आणता? नळ तर तुमच्याकडंच होता."

लोक हसायचे. मीही हसायचो, चारचौघांत नक्कल करून दाखवायचो. पण एक गोष्ट कबूल करतो. नाना एकदा येऊन बसून गेले की त्या घरचं दुसरं रोप मरत नसे. शाळेतल्या पोरी मधल्या सुट्टीत डब्याचं पाणी झाडाला घालायला लागल्या. मी स्वतः करंजाच्या खड्ड्यात दुसरं रोप लावलं आणि गुपचूप बादली घेऊन डीपीकडे जायला लागलो.

भांडण झालं ते यंदाच्या वृक्षारोपणावरून. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते. मांडव, बॅनर, सूत्रसंचालन, सगळं माझ्या गळ्यात, आणि त्यात आदल्या दिवशी नाना दारात.

"साहेब, एक अर्ज आहे. नवीन लावायच्या आधी, मागच्या साली गेले त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं. मी नावं वाचतो. अठ्ठावीस हायेत."

माझ्या डोळ्यांपुढे मोठे साहेब अठ्ठावीस रोपांच्या नावाने मान खाली घालून उभे राहिले. मी म्हटलं, जमणार नाही. नाना म्हणाले, "मंग एकच मिनिट." मी म्हटलं, नाना, शोभा होईल. ते हलेनात. उन्हात दिवसभर फिरून माझं डोकं तापलेलं, तोंडातून निघून गेलं, "अहो, इथं माणसं जातात तेव्हा कुणाला भेटायला जायला वेळ होत नाही, आणि तुम्ही झाडांचा दुखवटा घेऊन बसलात!"

नानांनी सायकलचं हँडल धरलं. "बराबर हाये," म्हणाले. "न्हाई होत टाइम." सायकल वळवली आणि गेले.

कार्यक्रम छान झाला. सगळे म्हणाले. नाना आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलही दिसली नाही.

दुपारी जेवताना मी मालतीला सहज सांगितलं, नानांना असं असं बोललो म्हणून. तिचा घास हातात राहिला.

"असं म्हणालात? त्यांना?"

"मग काय झालं?"

"सुमनबाई गेल्या तेव्हा आपण गेलो होतो का?"

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नानांची बायको गेली. दवाखान्यात नेली ती परत आली नाही. तेव्हा कुणी कुणाकडे जातच नव्हतं, मीही नाही गेलो. तीन घरं सोडून घर, आणि मी गच्चीवरून त्यांचं बंद फाटक बघत होतो. जरा निवळलं की जाऊ म्हटलं. निवळलं, तोवर सहा महिने झाले होते. आता काय तोंडाने जायचं म्हणून राहिलं, आणि पुढे विसरलोच. मी एकटा नाही, सगळी कॉलनी विसरली. त्या माणसाच्या दारात एक माणूस येऊन बसला नाही. आणि नाना मात्र सगळ्यांच्या दारांत बसत फिरत होते, आणि मी त्यांची नक्कल करत होतो. मला माझी लाज वाटली. ताट बाजूला सारलं.

"चला," मालती म्हणाली.

नाना ओट्यावर बसून होते. कॅन कोरडे, पालथे घातलेले. आम्ही फाटकापाशी चपला काढल्या. नाना लगबगीने खुर्ची आणायला उठले, पण आम्ही खाली बसलो. मी काही बोललो नाही, मालतीही नाही. नाना गडबडले. एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि कळवळून विचारलं, "कोणतं गेलं, साहेब?"

"वहिनी गेल्या, नाना," मी म्हटलं. "आम्हाला यायला फार उशीर झाला."

नानांनी खुर्ची सोडली. भिंतीला टेकत टेकत खाली बसले. रुमाल खांद्यावरच होता, पण तोंडाला लावला नाही. तोंड तसंच उघडं ठेवून रडले.

मग बोलायला लागले. "मंगळवार होता. मेथी निवडून राह्यली होती. म्हणली, अंग मोडून आलं. मी म्हणलं, पड जरा. पडली न्हाई. समदी मेथी निवडली अन् मंगच पडली. गाडी आली तर गाडीत बसून मला म्हणती, मोरीतला नळ बंद केला का पाहा. मी नळ पाह्याला आत गेल्तो साहेब. बाहेर आलो तं गाडी वळून राह्यली होती..."

मालती रडत होती. मी मधूनमधून नुसता "हं" म्हणत होतो. नाना पहिल्यापासून सगळं सांगत होते, एकही गोष्ट न गाळता. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, तरी आम्ही बसून राहिलो.