फोटोत तसंच आहे

दातांच्या डॉक्टरांनी सासऱ्यांचं तैलचित्र पूर्ण केलं तेव्हा ते सासऱ्यांसारखं दिसत होतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

सासरे वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं चित्र वाचनालयाच्या दालनात लावायचं ठरलं आणि चित्रकाराचा शोध सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने भर सभेत सांगून टाकलं, "बाहेरचा कशाला? आमच्या घरातच आहे." सासऱ्यांनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "दात सोडून बाकीचं जमतं का?"

तेव्हापासून डॉक्टर दवाखाना बंद झाला की फोटो समोर ठेवून कॅनव्हासशी झुंजत होते. चित्र फसलं तर त्यांची फजिती ठरलेली होतीच, पण बायकोला माहेरी मान वर करता आली नसती. ते जास्त महाग पडणार होतं.

म्हणून फ्रेम करण्याआधी ते चित्र शनिवारच्या मंडळात घेऊन गेले. फ्रेमच्या दुकानाच्या माळ्यावर ते स्वतः, एक शिंपी, एक चष्मेवाला आणि शाळेतल्या भूगोलाच्या बाई असे चार हौशी चित्रकार जमत आणि एकमेकांच्या चुका काढत. मंडळाचे दोनच नियम होते. चर्चा चालू असताना चित्रकाराने तोंड उघडायचं नाही, आणि ज्या फोटोवरून चित्र काढलंय तो पाकिटाबाहेर काढायचा नाही. दुसरा नियम भूगोलाच्या बाईंचा. पूर्वी कोणी कसलीही चूक दाखवली की चित्रकार म्हणायचा, 'फोटोत तसंच आहे.' बाई कंटाळल्या. "भिंतीवर फोटो लागणार नाहीये," त्या म्हणाल्या होत्या, "चित्राने स्वतःच्या पायावर उभं राहावं."

सुरुवात शिंप्याने केली. "डावा खांदा उतरलाय. असा कोट मी शिवला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता."

सासऱ्यांचा डावा खांदा पुस्तकांचे गठ्ठे वाहून खरोखरच उतरला होता. डॉक्टरांनी ते सांगायला तोंड उघडलं.

"नियम," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तोंड मिटलं. दिवसभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसाला हे फार जड जात होतं.

चष्मेवाला पुढे झाला. "डोळे एका रेषेत नाहीत. या गृहस्थांचा चष्मा घसरून थेट मिशीवर येईल."

सासऱ्यांचा चष्मा रोज तिथे येतच होता.

"आणि ओठ एका बाजूला गेलेत," बाई म्हणाल्या. "हसताहेत की जीभ चावली गेलीय? शिवाय उजेड डावीकडून येतोय आणि कान त्याच बाजूचा काळोखात. सूर्य कुठे आहे ते एकदा ठरवा, डॉक्टर."

तीन जाणती माणसं चुका दाखवताहेत म्हटल्यावर डॉक्टरांचा फोटोवरचा विश्वास डळमळला. त्यांनी घरी जाऊन खांदा उचलला. खांदा वर गेला तशी मान आखूड वाटायला लागली. मान लांबवली तर हनुवटी बारीक दिसू लागली. हनुवटी भरल्यावर गाल ओघळले, आणि गाल आवळल्यावर सासरे एकदम तरुण झाले. प्रत्येक शनिवारी मंडळ नवीन काही काढत होतं आणि डॉक्टर ते निमूटपणे सुधारत होते. अखेर एका शनिवारी शिंप्याने चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि म्हणाला, "आता बोट ठेवायला जागा नाही." मंडळात याहून मोठी पदवी नव्हती.

डॉक्टरांनी चित्र वाळवलं, फ्रेम करून घेतलं आणि अनावरणाच्या दोन दिवस आधी बायकोला दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"छान आहे हो. कोण हे?"

"बाबा."

"कोणाचे?"

डॉक्टर खुर्चीत बसले. बायको आधीच बसली होती.

"पुन्हा होतं तसं करा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगून बसलेय मी."

"आता हात लावला तर रंग वाळणार नाही. पडदा ओढला की त्याच्याबरोबर बाबांचं नाक येईल."

"हे नाक त्यांचं नाहीच. गेलं तर जाऊ दे."

डॉक्टरांनी मंडळाला तातडीने बोलावलं आणि नियम मोडून पाकीट उघडलं. फोटो हातोहात फिरला.

"डॉक्टर, हे आधी दाखवायला काय झालं होतं?" शिंप्याने विचारलं.

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"माझं मत विचाराल तर फोटोच चुकलाय," चष्मेवाला म्हणाला.

"फोटो चुकलेला नाही. ते आहेतच तसे."

"मग त्यांनाच बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी बायको वडिलांना घेऊन माळ्यावर आली. सासरे चित्रासमोर उभे राहिले. चष्मा मिशीवर आला.

"हा कोण?"

बाईंनी सवयीने खुर्ची पुढे केली. "बसा. चर्चा होईपर्यंत बोलायचं नाही."

गावाला आयुष्यभर गप्प बसवणाऱ्या माणसाला हे कोणी पहिल्यांदाच सांगत होतं. ते गोंधळून बसले. मग तिघांनी त्यांना एकदा चित्राकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत तपासलं. खांद्याची चूक निघाली, डोळ्यांची निघाली, ओठांची निघाली.

"म्हणजे," सगळं ऐकून घेतल्यावर सासरे म्हणाले, "चित्र बरोबर आहे आणि मी चुकलोय, असं तुमचं म्हणणं?"

"नाही हो बाबा, तसं कोणी—" डॉक्टरांनी सुरुवात केली.

"तुम्ही बोलू नका. तुम्हाला नियम आहे म्हणे." ते पुन्हा चित्राकडे वळले. उठून जवळ गेले. हनुवटी किंचित वर करून पाहिली. मग शिंप्याला हळूच विचारलं, "दुरुस्त होण्यासारखं आहे का?"

शिंप्याने कोटाच्या डाव्या खांद्यात आतून गादी घातली. चष्मेवाल्याने चष्म्याची दांडी वाकवून दोन्ही डोळे एका रेषेत आणले. केस वळवून कान झाकला गेला. बाईंनी दालनात कुठल्या खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं ते जागेवर खडूने आखून दिलं आणि हसायला मनाई केली.

अनावरण झालं. पडदा सरकला आणि चित्राशेजारी सासरे ताठ उभे. लोक एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. "हुबेहूब," असं पहिल्या रांगेतून कोणी म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या. बायकोने माहेरच्या सगळ्या माणसांवरून एकदा सावकाश नजर फिरवली. सासऱ्यांनी ओठ न हलवता जावयाला म्हटलं, "जमतं तुम्हाला."

एवढ्यात सासूबाई पुढे आल्या. त्यांनी चित्र पाहिलं, मग शेजारचा माणूस पाहिला.

"कसं झालंय, आई?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठलं? भिंतीवरचं की हे?"

"दोन्ही."

"दोन्ही चांगलीच आहेत की," सासूबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या डाव्या खांद्यावरची गादी दोन बोटांनी दाबून बघत शिंप्याकडे वळल्या. "फक्त घरी न्यायच्या आधी आमचे आम्हाला परत करा. रात्री दार मी ओळखीच्या माणसालाच उघडते."