भाईर निघायचं कुठून?

सरूमावशी कुणाच्याही घरी गेली की आधी ख्यालीखुशाली विचारत नाही. उंबऱ्यात थांबते, वर स्लॅबकडे संशयाने बघते आणि म्हणते, "भाईर निघायचं कुठून?" माझं लग्न ठरवायला आली तेव्हाही तिने हेच विचारलं. सासरेबुवांना वाटलं, बाईंना स्थळ पसंत नाही.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत तिची मेस आहे. मी तिथल्याच एका क्लासात जीवशास्त्र शिकवतो आणि लग्नाआधीपासून तिच्या हातचं खातो. धर्माबाद, कंधार, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि मावशीकडे आधी पळायला शिकतात. दर रविवारी जेवण ऐन रंगात आलं की ती परातीवर उलथनं बडवते. ताट सोडून सगळ्यांनी अंगणात पळायचं. जो शेवटी येईल त्याला शिरा नाही. माझं पोट सुटल्यापासून मीही बऱ्याचदा शिऱ्याला मुकलो आहे. मावशी स्वतः ताट घेऊन उंबऱ्यावर बसायची, एक पाय बाहेर ठेवून.

ती किल्लारीकडची. भूकंपात नवरा आणि थोरली लेक गेली. कडेवरची सुमन तेवढी वाचली. गल्लीला इतकंच ठाऊक होतं. पुढचं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तीच सुमन इंजिनिअर होऊन थेट जपानला गेली. तिथलंच एक लातूरकर स्थळ मिळालं, संसार नवव्या मजल्यावर थाटला. तिला दिवस गेले. जावयाला आई नाही, तेव्हा तिथे जाऊन बाळंतपण करणं मावशीकडे आलं. एवढी पृथ्वी सोडून लेकीने भूकंपाचाच देश निवडला, याचा राग मावशीने माझ्यावर काढला, कारण जपानी भाषेच्या क्लासचा पत्ता मी दिला होता. महिनाभर भाजी खारट होत होती. "न्हाई गेले तर लेकीजवळ मोठं माणूस न्हाई. गेले तर नववा माळा," एवढंच म्हणायची.

शेवटी निघाली, एकटी. आयुष्यात माहूरच्या पुढे गेलेली नव्हती. मी इंग्रजीत चिठ्ठ्या लिहून दिल्या: मला तिखट चालतं, मला विमान बदलायचं आहे, माझी लेक बाहेर उभी आहे. खरं सांगायचं तर माझीच पाचावर धारण बसली होती. वर्गात पेशीविभाजन शिकवताना डोळा फोनवर होता. पोचल्याचा फोन आला तेव्हा बाई खुशीत होती. विमानातल्या पोरीने न विचारता सगळी दारं हात करून दाखवली होती. "लई गुणाची. जगात कुणाला तरी फिकीर हाय."

मग मावशीच्या फोनवरच्या बोलण्यात एक शेजारीण येऊ लागली. समोरच्या दारात राहणारी, मावशीच्याच वयाची, एकटी. मावशीने शेंगदाण्याची चटणी दिली, तिने ती चहाबरोबर खाल्ली. ही मराठीत बोलायची, ती जपानीत. तिच्याही दाराशी बूट, बॅटरी आणि पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी कायम तयार होती. ती बघितल्यावर मावशीला माणूस पटलं.

तीन महिन्यांनी मावशी परतली. गवार निवडताना सहज बोलावं तशी म्हणाली, "सर, तिथं धरणी हालली."

सुमन आणि जावई तिच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेले होते. घरात मावशी आणि महिन्याभराचं बाळ. भांडी वाजायला लागली तशी ती बाळ छातीशी धरून अनवाणी जिन्याकडे धावली. इतकी वर्षं आम्हाला जे शिकवलं तेच. शेजारणीने आपलं दार सताड उघडलं आणि मावशीचं मनगट धरलं. ही जिन्याकडे ओढते, ती घरात ओढते. त्या देशात म्हणे पळायचं नसतं, टेबलाखाली बसायचं असतं. शेजारीण अंगाने काडी, पण ताकद तिचीच जास्त निघाली. दोघी म्हाताऱ्या बाळासकट टेबलाखाली. मावशी तिला मराठीत शिव्या घालत होती आणि ती जपानीत काहीतरी समजावत होती. हलायचं थांबलं. छत जागेवर होतं. बाळ झोपलेलं होतं.

मी हसलो. मावशी हसली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"किल्लारीला थोरलीचा हात माझ्या हातात व्हता, सर. पळताना सुटला. म्या भाईर निघाले, ती न्हाई." मग हातातली शेंग मोडत म्हणाली, "त्या बाईनं न्हाई सोडला. थांबल्यावर बी सोडला न्हाई."

मी नुसती गवार निवडत राहिलो.

त्या रविवारी परात वाजली. आम्ही धावलो. कंधारची एक पोरगी पाय मुरगळलेला होता म्हणून मागे राहिली. अंगणात उभं राहून आम्ही दाराकडे बघत होतो. मावशी तिचा हात धरून सावकाश आली, उंबऱ्याशी तिला पुढे केलं आणि मग स्वतः बाहेर पडली.

तेव्हापासून दर रविवारी शेवटी मावशीच बाहेर येते. नियम म्हणजे नियम, त्यामुळे शिरा सगळ्यांना वाढते आणि स्वतः खात नाही.