नाना कागदावर बोलत तेव्हा

लग्नपत्रिका हातात पडली की दिनकरनाना आधी खिशातली पट्टी काढत. डावीकडची कोरी जागा मोजत, मग उजवीकडची. दोन्ही सारख्या भरल्या तरच नवरानवरीची नावं वाचत. माझ्या बहिणीची पत्रिका बघून "गणपती कडंला ढकललाय रं," म्हणाले आणि लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर झाले.

नाना सांगलीत आमचे शेजारी. सगळी नोकरी कोयनानगरला, धरणाच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेलेली. भूकंपाचा धक्का बसला तरी आपली रेघ हलली नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, पूर्वी त्यावर म्हणत, "टेबलाखाली बसून काढली आसंल."

नव्वदचं दशक सरता सरता मी आणि माझ्या मित्रानं शाळांचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर केलं. त्याची वेबसाइटही केली. निळ्यावर पिवळी अक्षरं, वर सरकणारी ओळ, कोपऱ्यात लुकलुकणारं 'नवीन'. मोठ्या हौसेनं नानांना दाखवली, तर त्यांनी पडद्यालाच पट्टी लावली.

"ह्ये वाचायचं हाय का निस्तं बघायचं?"

"वाचायचं, नाना."

"मग लय दाटी केलीस, सुनील. डोळ्याला टेकायला जागा कुठं हाय?"

चार दिवसांनी ते सूचनांचा कागद घेऊन आले. सरकणाऱ्या ओळीपुढं लिहिलं होतं, 'थांबव. माणूस पळत वाचत न्हाई.' अक्षर दुप्पट करायला सांगितलं होतं. माझं डोकं सणकलं. "एवढं मोठं केलं तर मजकूर मावणार कुठं?" मी तोडूनच बोललो.

एरवी हमरीतुमरीवर येणाऱ्या नानांनी सूचनांच्या कागदाची घडी घातली. "व्हय. त्योच घोर लागलाय," म्हणाले आणि मला घरी घेऊन गेले.

काकींना ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. नाना त्यांच्याशी कागदावर लिहून बोलत, हे गल्लीला ठाऊक होतं. काकींची नजरही चाललीय, हे मात्र नानांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. जुन्या पानांवर बारा-बारा ओळी होत्या: बाजारात कोण भेटलं, कुणाची लेक माहेरी आली, भाजीवालीशी काय वाजलं. पुढं पानावर सहा ओळी, मग तीन. अलीकडच्या बहुतेक पानांवर एकच, 'जेवलीस का?'

"दाटी झाली की तिला दिसत न्हाई," नाना म्हणाले. "काय सांगायचं आन् काय गाळायचं, दिसभर त्योच इचार."

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

नानांनी मोठा कागद घेतला, जाड पेनानं 'सुनील आलाय' लिहिलं आणि तो काकींपुढं धरला. काकींनी कागद खिडकीकडं वळवला, नाकाजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग नानांकडं बघून हसल्या.

"व्हय, जेवले की मगाशीच."

नानांनी मान डोलावली. दुसरा कागद पुढं ओढला आणि पेन हातात धरून नुसते बसून राहिले.