निळ्या वेलीचा आरंभबिंदू

मोजणीदारांची सकाळ बायकोच्या शिंकांनी व्हायची. स्वयंपाकघराची खिडकी उघडली रे उघडली की बाई सात-आठ शिंका ओळीने देत, आणि मोजणीदार पांघरूण बाजूला करत म्हणत, "रानातली धूळ, दुसरं काय!"

हे रान म्हणजे घरामागचा झाडांनी भरलेला उतार. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून दमल्यावर निवृत्त होताना त्यांनी तो स्वतःसाठी विकत घेतला होता. त्यांचा जीव त्या झाडांत होता आणि त्या झाडांवर एका निळ्या वेलीचा डोळा होता. वेल कुठून तरी बाहेरून आलेली, दिसायला गोंडस आणि स्वभावाने आगाऊ. शेंड्यापर्यंत चढायची, ऊन अडवायची आणि झाड उभ्या उभ्या वाळवायची. इथे कापावी तर तिथे हजर.

"प्रत्येक रेषेला आरंभबिंदू असतो," मोजणीदार म्हणत. हा बिंदू कुंपणापलीकडे, दाताच्या डॉक्टरांच्या रानात आहे, असं त्यांनी घरबसल्या ठरवलं आणि गल्लीभर सांगितलं. डॉक्टरांच्या कानावर गेलं. ते फाटकाशी येऊन उभे राहिले.

"मोजणीदार, मी चाळीस वर्षं लोकांची मुळं काढली. माझ्याच रानात मूळ ठेवीन?"

"दिव्याखाली अंधार असतो, डॉक्टर."

प्रकरण वनखात्याच्या बाईंपर्यंत गेलं. त्या दोघांनाही ओळखून होत्या. "भांडू नका," त्या म्हणाल्या. "थोरलं मूळ ज्याच्या जमिनीत सापडेल, त्याने दोन्ही रानं साफ करायची. कबूल?"

"कबूल," मोजणीदार इतक्या तत्परतेने म्हणाले की डॉक्टरांनाही मान हलवावीच लागली.

तिघे निघाले. मोजणीदार पुढे, हातात खुणा करायला चुन्याचा डबा. कोवळ्या टोकापासून जाड देठाकडे, जाड देठाकडून आणखी जाड देठाकडे, अशी त्यांची मोजणी चालली. वेल आधी डॉक्टरांच्या कुंपणाकडे गेली, तेव्हा मोजणीदारांची चाल ऐटीत आली. मग तिने कुंपणाला नुसता खांदा लावला आणि वळली. ओहोळ ओलांडला. मोजणीदारांची विहीर आली, मोरी आली, आणि मनगटाएवढा देठ सरळ त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जमिनीत शिरला. खिडकी निळ्या फुलांनी भरून गेली होती. आत मोजणीदारीणबाई शिंकल्या.

"आला की हो आरंभबिंदू," डॉक्टर म्हणाले.

मोजणीदारांच्या हातातला डबा कलंडला. दोन रानं साफ करायची म्हणून नव्हे. ही वेल त्यांनीच, लग्नाला महिना झाला तेव्हा, बायकोला आणून दिली होती. संसारातली त्यांची पहिली भेट. बाईंनी तेव्हापासून तिला एक दिवस कोरडं ठेवलं नव्हतं. आता ती कापायची कोणत्या तोंडाने?

गलका ऐकून बाई बाहेर आल्या. "काय झालं? चुना कुणी सांडला?"

"काकू, ही वेल कुठून आणलीत?" वनखात्याच्या बाईंनी विचारलं.

"ह्यांनी दिली. कोपऱ्यावरच्या एका फाटकावरून तोडून आणली होती, मुळासकट."

डॉक्टर एकदम ताठ झाले. "कोपऱ्यावरचं फाटक? माझ्या जुन्या दवाखान्याचं? एका सकाळी बघतो तर अर्धी वेल गायब! अहो, मी वर्षभर गवळ्याच्या शेळीला शिव्या दिल्या!"

"म्हणजे मूळ तुमचंच, डॉक्टर," मोजणीदार घाईघाईने म्हणाले.

"माझं मी तेव्हाच उपटून टाकलं. भिंतीला तडे जात होते. तुमची ही निळी शेळी मात्र अजून रानं चरतेय."

वनखात्याच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. मोजणीदारांनी मात्र कुणाकडेच पाहिलं नाही. ते बायकोजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "ही कापावी लागेल गं. नाहीतर रान जातं. तुझ्या जिवावर येईल, मला कळतंय."

बाई आत गेल्या. मोजणीदार त्यांच्या मागोमाग जायला निघाले. पण त्या परत आल्या त्या करवत घेऊन.

"कापा. हिच्या फुलांनीच शिंका येतात मला."

"मग इतकी वर्षं पाणी कशाला घातलंस?"

"तुम्ही दिलेली ना," बाई म्हणाल्या. "दुसरं काही दिलंत कधी?"

डॉक्टरांनी खोकून तोंड फिरवलं. मोजणीदारांचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोला, बाईंचेही आले. त्यांनी मात्र ते फुलांच्या माथी मारलं. मग मोजणीदारांनी देठ कापला, बाईंनी ब्रशने बुंध्याला औषध फासलं, आणि डॉक्टर सवयीने म्हणाले, "आता दोन तास काही खायचं नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच डॉक्टरांच्या रानापासून सफाई सुरू व्हायची होती. उन्हं डोक्यावर आली तरी मोजणीदारांचा पत्ता नाही. शेवटी ते डोळे चोळत, बायकोला घेऊन आले. तिच्या हातात औषधाचा डबा होता.

"ही वेळ झाली?" डॉक्टर म्हणाले. "गजर लावत नाही का?"

"होता हो," मोजणीदार बायकोकडे बघत म्हणाले. "काल आपणच तो मुळापासून कापला."