उस्ताद गोड बोलतात तेव्हा

"गोडच बोलाचं ना? बोलतो! त्यात काय तोफ उडवाची आहे?" हवालदार नत्थूजी भोयर छाती फुगवून म्हणाले.

रंभाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. अख्ख्या संसारात या माणसाने मीठसुद्धा हुकूम सोडून मागितलं होतं! "पाहा बाप्पा! नाही जमलं त मेजरसाहेब ग्राउंडवरून काढतील, अन् स्टोअरात ब्लँकेटं मोजत बसान!"

कामठीच्या लष्करी छावणीत रिक्रूटांना कवायत शिकवणाऱ्या उस्तादांसाठी नवा हुकूम आला होता. आजकालची पोरं वेगळी! त्यांच्यावर खेकसायचं नाही, कोलांट्या-बेडूकउड्यांचा रगडा द्यायचा नाही, आपुलकीने शिकवायचं. आता परेडचं मैदान म्हणजे नत्थूजींचा जीव की प्राण. ते सोडून ब्लँकेटं कोण मोजणार?

सकाळी परेडमध्ये पियूष नावाच्या रिक्रूटचा पाय चुकला. नत्थूजी जवळ गेले, आलेली शिवी गिळली आणि मधाळ स्वरात म्हणाले, "बेटा, चहा घेतला का?"

पियूष पांढराफटक! जुन्या तुकडीने जाताना या पोरांना बजावलं होतं, की उस्ताद ओरडतात तोवर खैर आहे. हसले, की संध्याकाळपर्यंत रगडा!

"उस्ताद गोड बोलून राहिले गा! मेलो आपण!" मागून कुजबूज झाली. पियूषने न सांगताच कोलांटी मारली. त्याला पाहून सगळी रांग मातीत लोळू लागली.

"अरे बाळांनो, उठा ना!" नत्थूजी काकुळतीला आले.

"बाळांनो" ऐकताच पोरांनी बेडूकउड्याही सुरू केल्या!

नेमकी तेव्हाच मेजरसाहेबांची जीप आली. "भोयर! मनाई असताना रगडा?"

"साहेब, आईची शपथ! मी फक्त चहाचं इचारलं!"

साहेबांनी धम्मदीप नावाच्या पोराला पुढे बोलावलं. "खरं सांग, काय केलं यांनी?"

धम्मदीपला रडूच कोसळलं. "साहेब, ते आम्हाले बेटा म्हणून राहिले! काहून, ते सांगत नाहीत! त्यायले ओरडाले सांगा ना!"

साहेब हसून हसून जीपला टेकले. नत्थूजींचं मैदान वाचलं, आणि रगड्याची तर गरजच उरली नाही. कोणी चुकलं, की साहेब एवढंच म्हणतात, "भोयर, याची जरा विचारपूस करा." पोरगं आपणहून मैदानाला चक्कर मारायला पळतं!

परवा पियूष तापाने फणफणला. नत्थूजींना राहवेना. रंभाबाईंच्या हातची गरम खिचडी घेऊन ते त्याच्या खाटेशी गेले, कपाळावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाले, "बेटा, बरं वाटते का?"

पियूष ताडकन उठून सावधान उभा राहिला. "उस्ताद, माझं काय चुकलं?"