बादलीतली लाल वाळू

"जावईबापू, बाथरूममधल्या बादलीत ही लाल वाळू कसली?" सासऱ्यांनी आतून विचारलं.

जावई भूशास्त्रज्ञ होता आणि नेमका फोनवर आपल्या संस्थेच्या संचालकांशी बोलत होता. त्याने 'नंतर सांगतो' अशा अर्थी हात हलवला. सासऱ्यांनी त्याचा अर्थ 'हवं ते करा' असा घेतला. निवृत्त झाल्यापासून त्यांना अस्वच्छ वस्तू बघवत नसे. लेकीकडे राहायला आले तसे त्यांनी पंखे, खिडक्या, जावयाच्या चपला, सगळं घासून काढलं होतं.

ती वाळू नव्हती. अल्कधर्मी अग्निज खडकांत, म्हणजे भरपूर सोडियम-पोटॅशियम असलेला शिलारस थिजून झालेल्या खडकांत, युडिॲलाइट नावाचं लालसर खनिज मिळतं आणि त्यात दुर्मिळ धातू दडलेले असतात. जावयाने खडक फोडून, दळून, वेचून ते वेगळं काढलं होतं. उद्याच्या बैठकीत ते दाखवून कारखान्याला मंजुरी मिळवायची आणि त्याचा प्रमुख व्हायचं, असा त्याचा बेत होता. अहवालात त्याने छाती फुगवून लिहिलं होतं : खनिज आम्लात सहज विरघळते, मग द्रावण गाळून धातू काढावेत.

बायको त्याच संस्थेत रसायनतज्ज्ञ. तिने अहवाल वाचून नाक मुरडलं होतं. "अरे, चमचाभर घेतलंस म्हणून गाळलं गेलं. जास्त घेतलंस की खनिजातल्या सिलिकाची जेली होईल. एकदा बादलीभर करून बघ ना."

"तुला माझं कधी काही पटलंय?" म्हणून त्याने विषय मिटवला होता.

संचालकांचे फोन लवकर संपत नसत. हा संपवून जावई उठला, तेव्हा त्याच्या पायाखाली पाणी होतं.

"बाबा!"

"मी काही केलं नाही," सासरे बाथरूमच्या दारात उकिडवे बसून म्हणाले. "फरशीचे डाग काढायच्या ॲसिडची बाटली असते ना, ती अख्खी ओतली. म्हटलं, जरा चकाकेल."

"आणि?"

"विरघळायला लागली. मग थिजली. तुम्ही रागवाल म्हणून गुपचूप मोरीत लोटली. ती तिथेच बसली. मग खाली जावी म्हणून नळ सोडला."

जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या.

"आमच्या कपाटावर तुमच्या घरातून पाणी गळतंय! हे काय चाललंय काय?"

"संशोधन!" जावई खेकसला आणि फडकं शोधायला धावला. काठी घातली, तार घातली, गरम पाणी ओतलं. मोरी ढिम्म.

इतक्यात बायको घरी आली. तिने पर्स टेबलावर ठेवली, मोरीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा, थिजायला किती वेळ लागला?"

"माझी एवढी मेहनत गटारात गेली," जावई ओरडला, "आणि तू वेळ काय विचारतेस?"

"गटारात कुठे गेलीय? जागची हललेली नाही."

जावयाने मोरीकडे पाहिलं. मग त्याला उद्याचा कारखाना दिसला, त्यातले तुंबलेले पाइप दिसले, आणि प्रत्येक पाइपापाशी काठी घेऊन उभा असलेला प्रमुख म्हणून तो स्वतः दिसला. तो ओल्या स्टुलावर मटकन बसला. त्याला बायकोचा भयंकर राग आला, कारण तिचं बरोबर होतं. शेवटी त्याने फोन उचलला.

"सर, मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली. सगळं तुंबतं. मंजुरी मागायला नको."

"आधीच कळलं ते बरं झालं," संचालक म्हणाले. "पण नुसत्या तोंडी सांगण्यावर बैठकीतली मंडळी ऐकायची नाहीत. प्रयोगशाळेत खनिजाचं आणखी एक पोतं आहे ना? उद्या सगळ्यांसमोर करून दाखवा. ज्याने ही चाचणी केली, त्यालाच घेऊन या."

दुसऱ्या दिवशी जावई बूट घालत होता, तर सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत नवी बाटली धरून दारात उभे.

"चला, जावईबापू," ते म्हणाले. "तुमच्या ऑफिसची मोरी कुठेशी आहे?"