इवायांचं विमान

सोनकांबळ्यांच्या जेवणाच्या टेबलावर अकरा दिवसांपासून विमान उभं होतं आणि घरातली चार माणसं खाली सतरंजीवर बसून जेवत होती. विमान पाच फुटी पंखांचं होतं, रिमोटवर उडणारं. नागसेन सोनकांबळे आयटीआयमधून फिटरचे निदेशक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना शाल-श्रीफळाऐवजी ही सुट्या भागांची खोकंभर जुळणी दिली होती. "सर, आम्हाला जोडायला शिकवलंत, आता तुम्ही जोडा," असं त्यावर लिहिलेलं होतं.

ते एकट्याने जोडत असते तर आठवड्यात झालं असतं. पण सोबत आनंदराज ढवळे होते. आनंदराज म्हणजे त्यांच्या सुनेचे, बुद्धप्रियाचे वडील; म्हणजे व्याही, त्यांच्या बोलीत इवाई. बायको गेल्यावर ते लातूरचं घर बंद करून तीन महिन्यांपासून नांदेडला लेकीकडे राहायला आले होते. जावई कंपनीच्या कामाला सहा महिने चेन्नईत. त्यामुळे घरात दोन निवृत्त पुरुष दिवसभर समोरासमोर बसत आणि एकमेकांना मान देत.

हा मान फार अवघड झाला होता. नागसेनरावांचं म्हणणं असं की, आपण मुलाकडचे म्हणून मिजास करायची नाही. मुलीच्या बापाला कधी उणा शब्द बोलायचा नाही. आनंदराजांचं म्हणणं असं की, लेकीच्या सासरी राहायचं तर डोळे मिटून राहायचं. कुणाची चूक काढायची नाही. ताटात शेवटची भाकरी उरली की दोघं ती एकमेकांकडे इतक्या वेळा सरकवत की शेवटी ती नागसेनरावांच्या पत्नी महामायाबाई गाईला घालत.

तारांचं काम आलं तेव्हा नागसेनराव म्हणाले, "इवाई, हे तुमचं काम. चौतीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या तुम्ही."

"तुम्ही सांगाल तसं," आनंदराज म्हणाले.

काम तसं सोपं होतं. विमानाच्या पोटात एक छोटी मोटर. तिच्या आडव्या दांडीच्या दोन टोकांना दोन बारीक पोलादी तारा. त्या विमानाच्या पोटातून मागे जायच्या आणि शेपटीवर जी उभी फळी असते, जिला रडर म्हणतात, तिच्या दोन बाजूंना अडकायच्या. रिमोटची काडी डावीकडे दाबली की एक तार ओढली जाते, दुसरी सैल सुटते, रडर डावीकडे वळतं आणि विमानही डावीकडे. आनंदराजांनी तारा अशा ओढल्या की बघत राहावं. टोकाला पितळी नळी दाबून गाठ पक्की केली, बोटाने तार छेडली, कान लावून ऐकली, पुन्हा अर्धा आटा फिरवला. दोन्ही तारा एका सुरात बोलल्या तेव्हाच ते हलले.

चूक झाली ती बसण्यामुळे. आनंदराज शेपटीकडे बसले होते आणि नागसेनराव माहितीपत्रक घेऊन नाकाकडे, विमानाकडे तोंड करून. ते वाचून सांगत होते, "ही डावी तार डाव्या बाजूला." आणि हाताने दाखवत होते ती त्यांची स्वतःची डावी बाजू. विमानाची ती उजवी होती. आनंदराजांच्या हे लगेच लक्षात आलं. पण सांगणार कसं? इवायांनी दाखवलं तिथेच तार लावली.

मग रिमोट चालू केला. नागसेनरावांनी काडी डावीकडे दाबली. रडर उजवीकडे वळलं. दोघांनीही ते नीट पाहिलं.

"छान," नागसेनराव म्हणाले.

"एक नंबर," आनंदराज म्हणाले.

नागसेनरावांना वाटलं, इवायाने तारा उलट लावल्या. पण बिचाऱ्याने एवढी मेहनत केली, कसं बोलायचं. आनंदराजांना वाटलं, इवायाने उलट सांगितलं. पण घर त्यांचं, कसं बोलायचं.

मंगळवारी दुपारी आनंदराज जेवून आडवे झाले, तेव्हा नागसेनरावांनी विमानाच्या पोटाचं झाकण काढलं आणि मोटरच्या दांडीवरच्या दोन्ही तारांची अदलाबदल केली. चालू करून बघितलं नाही, कारण ती मोटर कुईं करायची आणि इवाई जागे झाले असते. संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "इवायांची चूक होती, मी सुधारली. तू काही बोलू नको."

बुधवारी सकाळी नागसेनराव फिरायला गेले, तेव्हा आनंदराजांनी शेपटीकडच्या दोन्ही कड्या सोडल्या आणि तारांची अदलाबदल केली. चालू करून बघितलं नाही, कारण रिमोट नागसेनरावांच्या कपाटात होता आणि दुसऱ्याचं कपाट उघडणं त्यांना शोभलं नसतं. मग लेकीला सांगितलं, "तुझ्या सासऱ्यानं जरा उलट सांगितलं होतं. म्या सरळ केलंय. तोंड उघडू नको."

बुद्धप्रिया शाळेत विज्ञान शिकवायची. तिने मान डोलावली. महामायाबाईंनीही आदल्या दिवशी तशीच डोलावली होती.

उडवायला मोकळी जागा हवी होती. अर्धापूरजवळ ग्यानोबा नावाचा नागसेनरावांचा एक जुना विद्यार्थी केळीची बाग करत होता. बागेला लागून त्याचं सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान होतं. रविवारी सकाळी चौघं तिथे पोहोचली, तर बांधावर चाळीसेक माणसं बसलेली.

"सर, फवारणीचं इमान येऊन राहिलं म्हणून सांगितलं म्या गावात," ग्यानोबा म्हणाला.

"अरे, हे नुसतं उडतं. फवारत नाही."

"आता आलेत तर बघू द्या. उठून जा कसं म्हणू?"

बुद्धप्रियाने आठवण करून दिली, "मामा, सोडायच्या आधी एकदा तपासून घ्या."

तपासणी झाली. नागसेनराव रिमोट घेऊन उभे राहिले. आनंदराज शेपटीपाशी उकिडवे बसले. त्यांच्या पाठीमुळे नागसेनरावांना शेपूट दिसत नव्हती आणि बाजूला सरका म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी काडी डावीकडे दाबली. रडर उजवीकडे वळलं. आनंदराजांनी विचार केला, तारा तर आपण स्वतः सुधारल्यात, म्हणजे इवायांनी उजवीकडे दाबलं असणार.

"बरोबर हाय का, इवाई?" नागसेनरावांनी विचारलं.

"एकदम बरोबर."

विमान धावलं, उचललं गेलं आणि सुरेख वर गेलं. बांधावरचे लोक उठून उभे राहिले. नागसेनरावांचा ऊर भरून आला. केळीची बाग उजव्या हाताला होती, म्हणून त्यांनी विमान डावीकडे घेतलं. विमान केळीवर गेलं.

त्यांनी आणखी डावीकडे दाबलं. विमान बागेच्या मधोमध गेलं आणि तिथे गरगर फिरू लागलं. मंगळवारी आपणच काहीतरी घोळ घातला, हे त्यांच्या लक्षात आलं. चाळीस माणसं आणि इवाई यांच्यासमोर ते कबूल करण्यापेक्षा त्यांनी रिमोट पुढे केला.

"घ्या इवाई. आता तुम्ही चालवा."

"छे छे. मान तुमचा."

"तुम्ही तारा ओढल्या, मान तुमचा."

"घर तुमचं, विमान तुमचं..."

"धरा की हो!"

आनंदराजांनी धरला, काडी हलवली आणि तेही गार पडले. बुधवारी आपल्या हातून चूक झाली, असं त्यांना वाटलं. रिमोटवर दिशा उलटी करायचं एक बारीक बटण होतं. त्यांनी अंगठ्याने ते हळूच सरकवलं. विमान सरळ झालं. चूक झाकली गेली तशी जास्त वेळ रिमोट धरायला नको म्हणून त्यांनी तो लगेच परत दिला. "तुमच्याच हाताला शोभतंय."

तोवर नागसेनरावांनी मनाशी ठरवलं होतं की, हे उलटं चालतंय, तर आपणही उलटं दाबायचं. त्यांनी तसं दाबलं. विमान पुन्हा केळीवर. ते हबकले. मग त्यांनीही तेच बारीक बटण चोरून सरकवलं आणि रिमोट इवायांना दिला. आनंदराजांनी ते सुलट आहे असं समजून दाबलं आणि विमान थेट माणसांच्या डोक्यावरून गेलं. निम्मे लोक बांधावर पालथे झाले.

"हे फवारणारच हाय," त्यातला एक जण म्हणाला आणि त्याने तोंडाला उपरणं लावलं.

आता बुद्धप्रियाला राहवलं नाही. "बाबा, मामा, ऐका. बुधवारी बाबांनी मागून तारा बदलल्या."

"आणि मंगळवारी यांनी पुढून बदलल्या," महामायाबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तोवर रिमोट पुन्हा नागसेनरावांच्या हातात आला होता. बोलायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी तो बायकोच्या हातात कोंबला.

"इवाई, तुम्ही माझ्या माघारी तार बदलली?"

"आन् तुम्ही? मी झोपलो होतो तवा?"

"तुम्ही उलटी लावली म्हणून!"

"तुम्ही उलटी सांगितली म्हणून लावली. नाकाकडं बसून डावं-उजवं सांगतंय का कुणी?"

"मग त्याच वेळी सांगायचं की! चौतीस वर्षं तारा ओढल्या, दोन शब्द बोलता आले न्हाईत?"

"लेकीचा बाप हाय मी. लेकीच्या घरात कसं बोलू?" आनंदराजांचा आवाज चढला आणि मग चढतच गेला. "तीन महिने झाले. बातम्या संपल्या तरी मी चॅनल बदलत न्हाई. तुम्हाला आवडतंय म्हणून ते कुस्त्यांचं बघून राहिलो."

"मला? मला कुस्त्या आवडतात? तुम्ही बघता म्हणून मी बसतो! आन् मी काय करून राहिलो, ते इचारा. तीन महिन्यांत माझ्या घरात मी एकदा बनियनवर बसलो न्हाई. मे महिन्याचा उकाडा असता तर मेलो असतो!"

"बसा की! कुणी धरलंय?"

"तुम्ही सदरा घालून बसता. मी कसा बसू?"

"तुम्ही घालता म्हणून मी घालतो!"

बांधावरची चाळीस माणसं विमानाकडे पाठ करून उभी होती. एवढं मोकळं, एवढं मनापासूनचं भांडण त्यांनी दिवाळीपासून ऐकलं नव्हतं. कुणीतरी पुढच्यांना खाली बसायला सांगितलं, मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून.

महामायाबाई मात्र रिमोट घेऊन रानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या होत्या. भांडणाच्या आवाजात त्यांना काही सुचेना. विमान लांबून त्यांच्याकडे तोंड करून येत होतं. त्यांना ते आपल्या डाव्या हाताला हवं होतं, त्यांनी डावीकडे दाबलं आणि ते आलं. उजवीकडे दाबलं, उजवीकडे गेलं.

"प्रिया, हे तर सरळच चालतंय."

बुद्धप्रिया धावत आली आणि तिला हसू फुटलं. "आई, समोरून येतंय ना. त्याचं डावं ते आपलं उजवं. तारा उलट्या आहेत म्हणून आपल्याला सुलटं वाटतंय. जाताना ऐकायचं नाही ते, येताना ऐकेल. फक्त त्याला पाठ फिरवू देऊ नका."

"मग येऊ दे की असंच," म्हणत महामायाबाईंनी पंख्याची मोटर बंद केली. विमान सोयाबीनच्या ढेकळांवरून दोनदा उसळलं, एक चाक सोडून दिलं आणि त्यांच्या पायापासून चार हातांवर थांबलं. हे उतरणं फक्त दोन बायकांनी पाहिलं.

घरी आल्यावर नागसेनरावांनी सदरा काढून खुंटीला अडकवला. आनंदराजांनी थोडा वेळ ते पाहिलं, मग स्वतःचाही काढला. दोघं बनियनवर बसले. रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यांनी भाजीत मीठ जास्त आहे, पंखा आवाज करतो, लातूरचं पाणी चांगलं की नांदेडचं, या तिन्हींवर वाद घातला होता. लातूरला कधी परत जाता, हा विषय मात्र दोघांपैकी कुणीच काढला नाही. बुद्धप्रिया स्वयंपाकघरात सासूला म्हणाली, "आई, आधीचंच बरं होतं का हो?" महामायाबाई म्हणाल्या, "निदान भाकरी कुणीतरी खातंय."

गुरुवारी ग्यानोबा केळीचा घड घेऊन दारात आला.

"जयभीम, सर. एक अर्ज हाय."

"विमान पुन्हा आणायचं म्हणतोस?"

"इमान नगं, सर. तुम्ही दोघं या." त्याने घड खाली ठेवला. "रोज दिवस मावळायला रानडुकरं बागेत घुसायची. फटाके लावले, बुजगावणं केलं, कशाला भ्याली न्हाईत. रविवारी तुमचं झालं, तवापासून एक डुक्कर फिरकलं न्हाई. आज पुन्हा पायाचे ठसे दिसले. म्हणून म्हणलं, अर्धा घंटा येऊन गेलात तर..."

नागसेनराव ताठ झाले. "ग्यानोबा, आम्ही शिकलेली माणसं आहोत. डुकरं हाकायला भांडत नसतो."

"किती वाजता येऊ?" आनंदराजांनी विचारलं.

"इवाई, मी नाही म्हणालो ना?"

"तुम्ही तुमच्यापुरतं म्हणा. माझं नाही तुम्ही कसं म्हणता?"

"एकट्यानं जाऊन भांडणार आहात का मग? कुणाशी? केळीशी?"

"तुमच्यापेक्षा केळ बरी. ती ऐकून तरी घेती."

ते पाऊण तास चाललं. ग्यानोबा पायरीवर गुपचूप बसून राहिला. मग उठला, खिशातला मोबाईल काढून बघितला आणि नमस्कार केला. "एवढं पुरंल, सर. सगळं रेकॉर्ड झालं. आता तुम्हाला यायचा तरास न्हाई."

आता अर्धापूरच्या त्या बागेत रोज दिवस मावळायला भोंग्यावर दोन म्हातारे कडाकडा भांडतात. डुकरं येत नाहीत. पण वाटेवरून जाणारी भली माणसं गाडी लावून, चिखल तुडवत बागेत शिरायची आणि ग्यानोबाची कोवळी झाडं मोडायची. शेवटी त्याने बांधावर पाटी लावली : 'भांडण रेकॉर्ड केलेले आहे. कृपया सोडवू नये.'